मुक्या रुग्णाचा डॉक्टर घडतो कसा

सिंगापुरात पाया लेबारच्या एखाद्या मराठी घरातली मुलगी ‘मला व्हेट व्हायचंय’ म्हणाली, की आईबाबा आधी प्रवेशाची चौकशी करतात. सिंगापूरची मुलं या शिक्षणासाठी आजवर बहुतेक ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा ब्रिटनला जात आली आहेत. पाया लेबारहून पूर्वेला जाणाऱ्या एमआरटीवर सहावं स्टेशन टॅम्पिनीस. तिथल्या टेमासेक पॉलिटेक्निकमध्ये व्हेटरनरी टेक्नॉलॉजीचा तीन वर्षांचा डिप्लोमा आहे, पण त्यातून पशुवैद्याला मदत करणारे तंत्रज्ञ तयार होतात, पशुवैद्य नव्हे. महाराष्ट्रात परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासून चालू आहे. ते, तसंच नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळची महाविद्यालयं महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची. भारतातली पदवी साडेपाच वर्षांची, त्यात एक वर्ष इंटर्नशिपचं. जिथे व्यवसाय करायचा त्या देशात आपली पदवी चालते का, एवढं मात्र फी भरण्याआधी पाहून घ्यावं. सिंगापुरात पशुवैद्याला परवाना देणारी संस्था एव्हीएस, म्हणजे ‘ॲनिमल अँड व्हेटरनरी सर्व्हिस’.

प्रवेशाचं एकदा मार्गी लागलं की खरं काम सुरू होतं. शरीररचना, औषधशास्त्र, रोगनिदान हे सगळं अभ्यासक्रमात असतंच. पण टेबलावर फिस्कारणारं मांजर आलं की वेगळ्याच गोष्टी लागतात, आणि त्या साधारण पुढच्या क्रमाने अंगवळणी पडतात.

आधी धरता यायला हवं

ज्याला जनावर धरता येत नाही, त्याला तपासताही येत नाही. गाईजवळ जाताना मागून जायचं नाही. तिला आपण दिसू अशा बेताने, आवाज देत, खांद्याच्या बाजूने जायचं. गाय मागचा पाय आधी पुढे घेऊन मग बाजूला फिरवते, त्यामुळे ‘बाजूला उभा आहे, म्हणजे सुरक्षित आहे’ हा नवख्याचा समज चुकीचा ठरतो. गावाकडे नाकपुड्यांत दोन बोटं घालून मान वळवून धरतात. हे पुस्तकात चित्र पाहून येत नाही, गोठ्यात शेजारी उभं राहूनच येतं.

मांजराचं तंत्र उलटं. तिथे जोर जितका कमी, तितकं काम सोपं. पिंजऱ्यातून ओढून काढण्यापेक्षा पिंजऱ्याचं वरचं झाकण काढावं, अंगावर टॉवेल टाकावा आणि खालच्या अर्ध्या भागातच जमेल तेवढी तपासणी उरकावी.

सिंगापुरात वाढलेल्या मुलांची अडचण इथेच असते. सप्टेंबर 2024 पासून एचडीबीच्या सरकारी घरांत परवान्यासह दोन मांजरं पाळता येतात, त्यामुळे मांजर सवयीचं. गाय-म्हैस मात्र फक्त सुट्टीत, आजोळी. म्हणून पहिल्या सुट्टीत आवडत्या प्राण्याकडे न जाता ज्याची भीती वाटते त्याच्याकडे जावं. सांगली-साताऱ्याकडे कुणाचा गोठा असेल तर पहाटेच्या धारेपासून तिथे राबावं. वैरण, शेण, दावं, वासरू पाजणं, सगळं करावं.

मग विचारता यायला हवं

रुग्ण बोलत नाही, त्यामुळे हकिगत मालकाकडून काढायची. मालक खोटं बोलत नसतो, पण त्याला जे महत्त्वाचं वाटतं तेवढंच सांगतो.

म्हैस सकाळपासून चारा खात नाही, पोट जड झालंय, पातळ शेण टाकते. विद्यार्थी विचारतो, ‘काका, काल काय घातलं होतं?’ काका म्हणतात, ‘रोजचंच की.’ नवखा इथे थांबतो. जाणता पुढे विचारतो, ‘घरात काही कार्य होतं का?’ मग कळतं की पुतण्याचं लग्न होतं आणि उरलेला भात कुणीतरी टोपलीभर म्हशीपुढे ओतला. भात-पिठाचा असा एकदम मारा झाला की मोठ्या पोटात आम्ल वाढतं आणि जनावर दगावूही शकतं. इथे निदानाची अर्धी वाट त्या एका प्रश्नाने मोकळी केली.

फ्लॅटमधल्या बोक्याचंही तसंच. ‘दोन दिवस ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय, बद्धकोष्ठ झालंय,’ असं घरचे सांगतात. तेव्हा विचारायचं, ‘ट्रेमधली माती ओली होते का?’ नाही म्हणाले, तर मूत्रमार्ग अडलेला असू शकतो. मग उद्याची वेळ द्यायची नसते, त्याच क्षणी टेबलावर घ्यायचं असतं.

तपासणीचा क्रम मोडायचा नाही

हात लावण्याआधी लांबून पाहायचं: उभं कसं राहतंय, श्वास कसा चालतोय. धरल्यावर श्वास बदलतो, म्हणून तो आधीच मोजायचा. त्यानंतर नाकापासून शेपटीपर्यंत, दरवेळी त्याच क्रमाने. कुत्र्याच्या हिरडीवर बोट दाबून सोडलं तर रंग दोन सेकंदांच्या आत परतायला हवा. गाईच्या डाव्या कुशीच्या खळग्यात मूठ दाबून ठेवली तर मोठ्या पोटाची लाट ती वर ढकलते. निरोगी गाईत मिनिटाला एक-दोन लाटा येतात. दोन मिनिटं मूठ तशीच ठेवायला धीर लागतो, आणि तो निरोगी जनावरांवरच कमवायचा. शंभर निरोगी पोटं हाताखालून गेली की बिघडलेलं पोट आपोआप वेगळं लागतं.

लिहिणं आणि मोजणं

केसपेपरचे चार भाग असतात: मालकाने काय सांगितलं, आपल्याला काय आढळलं, आपला अंदाज काय आणि पुढे काय करणार. पहिले दोन एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. ‘ताप आहे’ ही मालकाची तक्रार, ‘40.1 अंश’ ही नोंद.

औषधाचा हिशेब कागदावर मांडायचा, तोंडी नाही. चार किलोचं मांजर, मात्रा किलोला 5 मिलिग्रॅम, म्हणजे 20 मिलिग्रॅम. बाटलीत एका मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम, म्हणून 0.4 मिलिलिटर. दशांशचिन्ह एक घर सरकलं की दहापट औषध गेलं. म्हणून सिरिंज भरल्यावर दुसऱ्याकडून आकडा वाचून घ्यायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

सांगता यायला हवं

उपचाराआधी खर्चाचा अंदाज सांगावा, पर्याय सांगावेत, मालकाचा होकार घ्यावा. यात संकोच नको. पैसे कमी आहेत म्हणून मालकाचं प्रेम कमी ठरत नाही. त्याला परवडेल असा उपचार सुचवणं हेही कौशल्यच. दयामरणाची वेळ आली तर आडवळणाने बोलू नये. ‘झोपवू या’ म्हटलं तर घरातलं लहान मूल प्राणी उठण्याची वाट पाहतं. आधी बसायला सांगावं, मग स्पष्ट, छोट्या वाक्यांत बोलावं आणि गप्प राहावं. हे शिकायची जागा म्हणजे अनुभवी डॉक्टरांच्या खोलीतला कोपरा. आधी ऐकायचं, मग साध्या केसमध्ये बोलायचं, आणि आपण कुठे अडखळलो ते नंतर त्यांनाच विचारायचं.

स्वतःला जपणं

1999 मध्ये मलेशियातून आलेल्या डुकरांमुळे सिंगापूरच्या कत्तलखान्यातल्या 11 कामगारांना निपाहची लागण झाली आणि त्यांतला एक दगावला. जनावराचा आजार माणसात येतो, तो आधी हाताळणाऱ्याला गाठतो. सिंगापूर 1953 पासून रेबीजमुक्त आहे, भारत नाही. म्हणून आजोळच्या दवाखान्यात अनुभव घ्यायला जाणाऱ्या मुलीने निघण्याआधीच रेबीजची लस पूर्ण करावी. गाय-म्हशीची अडकलेली वार उघड्या हाताने कधीच काढू नये, कारण ब्रुसेलोसिस माणसाला तिथूनही लागतो. हातमोजे घालायला पाच मिनिटं गेली तरी शेतकरी रागावत नाही, आणि रागावला तरी घालायचेच.

या सगळ्याची एक वही ठेवावी: कोणतं काम पाहिलं, कोणतं मदतीने केलं, कोणतं स्वतः केलं, असे तीन रकाने. इंटर्नशिप सुरू होताना पहिला रकाना भरलेला आणि तिसरा रिकामा दिसला, तर पुढच्या वर्षभरात कुठे उभं राहायचं आणि वरिष्ठांकडे काय मागायचं, ते ती वहीच सांगेल.