गोंडवाना खेळात आणायचा तर...

सालेकसा तालुक्यातलं कचारगड हे गोंड समाजाचं मोठं श्रद्धास्थान. माघ पौर्णिमेला इथे यात्रा भरते. 'सिव्हिलायझेशन ६' या संगणक खेळासाठी गोंडवानाचा मॉड (खेळाडूंनी केलेली भर) करायचा तर कचारगडची गुहा नैसर्गिक आश्चर्य म्हणून हवीच!

पण श्रद्धा, जंगल, हत्ती सगळ्यांवरच बोनस दिला तर समोरचा टिकणार नाही. तोल इतिहासातच सापडतो. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं या भागात जंगल साफ करून तलाव बांधले, धान पिकवलं. म्हणून तलाव बांधला की नकाशावरचा जंगलाचा एक षटकोन कायमचा जावा; अन्न वाढेल, श्रद्धा घटेल. खेळातल्या व्हिएतनामवरही अशीच अट आहे: त्यांचे जमिनीवरचे खास जिल्हे जंगलात किंवा दलदलीतच उभे राहतात.

हत्ती मात्र दमदारच ठेवा, फक्त महाग. गोंडवानाच्या राणी दुर्गावती १५६४ मध्ये मुघलांशी हत्तीवरूनच लढल्या.