हेडफोनची पारख पखवाजावर

आयुधनिर्माणीचे गाव म्हणून वरणगावची ओळख आहे. भुसावळहून मुक्ताईनगरकडे जाताना ते वाटेत लागते. अशा गावात कुणाला चांगला हेडफोन घ्यायचा झाला, तर तीन-चार हेडफोन पाळीपाळीने कानाला लावून पाहण्याची सोय सहसा नसते. वस्तू कुरिअरने घरी येते आणि निवड होते ती किमतीवरून, खोक्यावरच्या आकड्यांवरून, दूरच्या कुणीतरी केलेल्या वर्णनावरून. ‘ऑडिओफाइल’, म्हणजे आवाजाच्या दर्दी माणसांसाठी पहिली पायरी म्हणून जे हेडफोन विकले जातात, त्यांच्या बाबतीत तर हा गोंधळ फारच वाढतो. मूनड्रॉपचे कानात बसणारे छोटे चू, कॉसचा पोर्टा प्रो, ऑडिओ-टेक्निकाचा एम४०एक्स, ग्राडोचा एसआर८०, सेनहायझरचा एचडी ५९९ ही नावे एका दमात घेतली जातात आणि प्रत्येकाला कुणीतरी ‘सर्वोत्तम’ ठरवलेले असते. माझे म्हणणे असे की, ही तुलना करायला लागणारी मोजपट्टी वरणगावच्या माणसाच्या कानात आधीपासूनच आहे. देवळातल्या कीर्तनात माइकशिवाय ऐकलेला पखवाज, टाळ, वीणा आणि माणसाचा गळा, हीच ती मोजपट्टी. ती नीट लावली, तर किंमत आणि जाहिरात या दोन्हींचा धाक उरत नाही.

सुरुवात किमतीपासूनच करू, कारण बहुतेकांची निवड तिथेच अडते. येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ साली २८३ हेडफोनांची मोजमापे तपासली. कानावर बसणारे, कान झाकणारे, कानात जाणारे असे सगळे प्रकार त्यात होते. कोणत्या पट्टीतला आवाज हेडफोन किती जोराने देतो आणि त्याची किंमत किती, या दोहोंत त्यांना कोणताही संबंध आढळला नाही. कारण समजण्यासारखे आहे. हेडफोनचा आवाज घडतो तो एका लहान पडद्याचा ताण, त्यामागची हवेची पोकळी, भोके, जाळी आणि कानाभोवतीची गादी यांच्या मेळातून. हा मेळ जमवायला ज्ञान आणि चिकाटी लागते. महाग धातू किंवा चामडे लागतेच असे नाही. कुणी म्हणेल, मग महाग हेडफोन घेणारे सगळे फसतात की काय? तसे नाही. जास्त पैशांत टिकाऊ सांगाडा मिळतो, डोक्यावर दाब कमी पडतो, झिजलेली गादी बदलता येते, मोठ्या आवाजातही पडदा कुरकुरत नाही. या गोष्टींना मोल आहे. पण आवाजाचा स्वभाव त्या पैशांत हमखास सुधारून मिळेल, असे मात्र पुरावा सांगत नाही.

आवाजाचा स्वभाव म्हणजे काय, तेही खोक्यावर कळत नाही. तिथे छापलेले असते ‘२० ते २०,००० हर्ट्झ’. चाळीसगावहून कन्नडला रस्ता जातो एवढेच सांगितले, तर मधला घाट किती चढाचा आहे हे कुठे कळते? तसाच हा आकडा. मंद्रापासून तारापर्यंतच्या प्रवासात हेडफोन कुठे उंचावतो आणि कुठे खचतो, यावर सारे अवलंबून असते. शिवाय त्याची रेघ अगदी सपाट असूनही चालत नाही. उघड्या कानाची पोकळी ३,००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज मुळातच वाढवते. हेडफोन लावला की ही नैसर्गिक वाढ बिघडते आणि ती हेडफोनलाच भरून द्यावी लागते. हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कितीतरी श्रोत्यांना निरनिराळे स्वभाव ऐकवून लोकांना काय रुचते ते शोधले. त्यासाठी अनेकदा एकाच हेडफोनवर इक्वलायझर वापरून इतर हेडफोनांची नक्कल केली, म्हणजे वजन, रूप आणि नाव यांचा प्रभाव ऐकणाऱ्यावर पडू नये. २०१९ साली त्यांनी मांडलेल्या वर्गवारीत ६४ टक्के श्रोत्यांना एकच समतोल स्वभाव आवडला. १५ टक्क्यांना त्याहून थोडा जास्त खर्ज हवा होता आणि २१ टक्क्यांना थोडा कमी. ‘प्रत्येकाचा कान वेगळा, मग तुलना करायचीच कशाला?’ या आक्षेपाला इथेच उत्तर मिळते. कान वेगळे असतात हे खरे, पण आवडी वाऱ्यावर उधळलेल्या नसतात. बहुतेकांची पसंती एका आटोपशीर परिघात येते.

आता मोजपट्टीकडे वळू. संत मुक्ताईचे स्थान वरणगावपासून जवळ. टाळ-पखवाजाच्या साथीने चालणारे भजन-कीर्तन हा या मुलखाच्या जगण्याचा भाग आहे. पखवाजाच्या उजव्या तोंडावर शाई असते आणि डाव्या तोंडाला वाजवण्यापूर्वी कणीक लावतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली दाखवून दिले की, शाईच्या भारामुळे आपल्या चर्मवाद्यांचे उपस्वर मूळ स्वराच्या सुबक पटीत येतात. साध्या ढोलाचे तसे होत नाही. म्हणूनच पखवाज आणि तबला यांच्या थापेला नेमका सूर असतो. हेडफोनच्या खर्जाची परीक्षा इथेच घ्यावी. डाव्या हाताची थाप पडल्यावर तिची घुमार कुठवर पोचते आणि कुठे विरते हे ऐकू येते, की नुसता ‘धप्प’ असा गोळा कानावर आदळतो? ज्याचा खर्ज फुगवलेला आहे तो हेडफोन पहिल्या मिनिटाला भरदार वाटतो, पण थापेतला सूर गिळून टाकतो. पोर्टा प्रोच्या खर्जात असा उबदार फुगवटा आहे. त्याने भजन गोड वाटते, पण थोडे गढूळही होते. ग्राडो एसआर८० याच्या उलट. त्यात तळाची घुमार तोकडी पडते, मात्र शाईवरच्या बोटांचा टणत्कार लखलखीत येतो. टाळांवर वरच्या पट्ट्यांची परीक्षा होते. खरा टाळ किणकिणतो आणि त्याचा नाद बराच वेळ रेंगाळतो. चुकीच्या हेडफोनवर तो पत्र्यासारखा खणखणतो आणि दहा मिनिटांत कान शिणवतो. बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो या वरच्या पट्टीच्या टोकदारपणासाठीच ओळखला जातो. वीणा किंवा तानपुऱ्याची जवारी हा तिसरा कस. तारेखाली सरकवलेल्या दोऱ्यामुळे उपस्वरांची एक साखळी उलगडत जाते. ती सलग ऐकू आली, तर मधल्या आणि वरच्या पट्ट्यांत मोठे खड्डे नाहीत असे समजावे.

पण सर्वांत कठोर परीक्षक आहे तो माणसाचा आवाज, आणि त्यातही आपली बोली. मराठीत ‘च’ दोन आहेत. ‘चार’मधला टाळूचा आणि ‘चाक’मधला दातांचा. दातांच्या ‘च’मध्ये हवेचा बारीक फूत्कार असतो, आणि तो ५,००० हर्ट्झच्या पुढच्या भागात जोरात असतो. तिथे हेडफोनने उसळी घेतली, की ‘चांगला’, ‘जसा’, ‘सोसला’ असे साधे शब्दही सुईसारखे टोचतात. तिथे तो फारच दबला असेल, तर दोन्ही ‘च’ एकमेकांत मिसळतात. या बाजूच्या लेवा बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. ‘शाळा’ची ‘शाया’ होते. बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांची सारी माया या उच्चारांत आहे. ‘य’ असा हलकेच निसटणारा वर्ण स्पष्ट कळायला मधल्या पट्ट्या स्वच्छ लागतात. खर्ज आणि झगमगाट वाढवून मधला भाग खोल पाडलेल्या हेडफोनवर सूर मिळतो, पण शब्द हरवतो. एचडी ५९९ अगदी तळाच्या खर्जात उणा आहे, तरी गळ्याची ऊब आणि शब्दांची सफाई तो जपतो. ज्याचे ऐकणे मुख्यतः अभंग, भावगीत आणि ख्याल यांचे आहे, त्याच्यासाठी ही उणीव सुसह्य ठरते.

ही सारी तुलना एका चुकीने मातीमोल होऊ शकते. बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवले की, आवाज वाढला की आपल्याला खर्ज प्रमाणाबाहेर जास्त भरलेला वाटतो. म्हणजे दोनपैकी जो हेडफोन किंचित मोठ्याने वाजतो, तो उगाचच श्रीमंत भासतो. फोनवर व्हॉल्यूमची रेघ एकाच जागी ठेवली म्हणजे आवाज सारखा झाला, हा समज चुकीचा आहे. एम४०एक्सचा रोध ३५ ओहम आहे, तर सेनहायझरच्या एचडी ६००चा ३००. फोनची तीच ताकद दुसऱ्यावर दुबळी पडते. म्हणून आधी एकाच गायकाच्या आवाजावर दोन्ही हेडफोनांचा आवाज सारखा करून घ्यावा आणि मग ऐकावे. वेगळा अॅम्प्लिफायर घ्यायचा की नाही, हा प्रश्नही इथेच सुटतो. कमी रोधाच्या आणि सहज वाजणाऱ्या हेडफोनला पहिल्या पायरीवर त्याची गरज नसते.

एक गंभीर आक्षेप उरतो. ध्वनिमुद्रणातला पखवाज हा देवळातला पखवाज नव्हे. माइक आणि मुद्रण करणाऱ्याची आवड मध्ये येतेच. मग दोष हेडफोनचा की मुद्रणाचा, हे ठरवायचे कसे? उपाय सोपा आहे. पाच वेगवेगळी मुद्रणे घ्यावीत. एकातच ‘च’ टोचला तर दोष मुद्रणाचा. पाचांतही टोचला तर तो हेडफोनचा. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्याही यात उपयोगी पडतात. त्यांत तळ आणि टोक जवळजवळ नाहीच. उरतो तो मधला गळा, म्हणून मधल्या पट्ट्यांची पारख उघडी होते. ‘फोनवरचे दाबलेले संगीत ऐकून काय कळणार?’ असेही विचारले जाते. चांगल्या दर्जाच्या दाबलेल्या फाइलमधला आणि मूळ मुद्रणातला फरक ओळखणे बहुतेकांना अवघड जाते. दोन हेडफोनांमधला फरक त्याहून कितीतरी मोठा असतो आणि तो लहान मुलालाही कळतो.

शेवटी खानदेशाचे हवामान. एप्रिल-मे महिन्यांत कान पूर्ण झाकणाऱ्या बंद हेडफोनमध्ये घाम साचतो, आणि उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये कूलरची घरघर थेट आत येऊन नेमका खर्जच झाकून टाकते. मग हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो. हे टाळायलाच हवे. ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास, ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा आहे. म्हणून दुपारी कूलरसमोर ऐकणाऱ्याने कानात घट्ट बसणारे इअरफोन घ्यावेत, आणि योग्य मापाची रबरी टोपी लावावी. फट राहिली की खर्ज गळून जातो. रात्री शांततेत ऐकणाऱ्याने उघड्या पाठीचा हेडफोन निवडावा. कुठलाही निवडला, तरी कौल एका बैठकीत देऊ नये. कान नव्या आवाजाला लवकर सरावतो आणि दोषही अंगवळणी पडतो. आठवडाभर ऐकून एखाद्या एकादशीला देवळात जाऊन बसावे, टाळ-पखवाज उघड्या कानांनी ऐकावा आणि घरी येऊन पुन्हा हेडफोन लावावा. त्या क्षणी जे खटकते तो त्या हेडफोनचा खरा दोष, आणि जे तसेच्या तसे ओळखीचे वाटते तो त्याचा खरा गुण.