कच्च्या लिंबाची धाव

सांगलीला आमच्या वाड्याच्या चौकात क्रिकेट खेळायचं म्हणजे आधी नियमांचीच मॅच व्हायची. चौक तो केवढासा! एका बाजूला आड, दुसऱ्या बाजूला तुळशीवृंदावन आणि समोर वकीलकाकांची खिडकी. त्यामुळे नियम ठरलेले. आडात चेंडू गेला की आऊट, आणि तो काढायचाही ज्याचा त्यानंच. वृंदावनाला लागला तर एक धाव. वकीलकाकांच्या काचेला लागला तर खेळ बंद, आणि सगळ्यांनी पळायचं. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग, हा नियम तर कुणी ठरवलाही नव्हता, तो आपोआपच होता.

माझी धाकटी बहीण या खेळातला कच्चा लिंबू. "तिलाही घ्या रे," असा आईचा हुकूम, म्हणून घ्यायचं. ती आऊट झाली तरी आऊट नाही आणि तिनं धाव काढली तरी ती धरायची नाही. एकदा, ती सहा-सात वर्षांची असेल, तिनं डोळे मिटून बॅट फिरवली आणि चेंडू खरोखरच लागला. आडाला वळसा घालून ती जिवाच्या आकांतानं पळाली आणि धापा टाकत माझ्यापुढे येऊन म्हणाली, "दादा, माझी धाव धरली ना?" आम्ही सगळे हसलो. त्या दिवसानंतर ती पुन्हा खेळायला आली नाही.

ही गोष्ट मी विसरूनही गेलो होतो. ती आठवली ती पस्तिशी उलटल्यावर, कॅनडातल्या एका मैदानावर, भलत्याच खेळाच्या निमित्तानं.

१९९४ साली आम्ही टोरोंटोजवळ मिसिसागाला राहायला आलो. पहिला हिवाळा कसाबसा निभावला. बर्फ वितळायला लागलं तसा ऑफिसच्या फलकावर एक कागद लागला. 'स्लो-पिच सॉफ्टबॉल लीग. दर बुधवारी संध्याकाळी. स्त्री-पुरुष एकत्र. खेळता आलंच पाहिजे अशी अट नाही.' मी म्हटलं, बॅट आहे, बॉल आहे, म्हणजे हा आपलाच प्रांत. दिलं नाव ठोकून.

पहिल्याच चेंडूला मी डावा पाय पुढे टाकून, कोपर उंच ठेवून, सरळ बॅटनं असा काही बचाव केला की आमचे क्रीडाशिक्षक पाठ थोपटते. पंच म्हणून उभ्या असलेल्या आमच्याच संघातल्या गृहस्थांनी मूठ उगारून मला बाद दिलं. का? तर चेंडू नुसता ढकलायला इथं मनाई आहे! त्याला बंट म्हणतात आणि स्लो-पिचमध्ये बंट म्हणजे आऊट. बॅट हातात घेऊनच मी परत आलो. त्या रात्री नियमांची पुस्तिका घरी आणली आणि जेवताना वाचायला बसलो.

हातमोज्याचा चेंडू

हा खेळ जन्मला तोच मुळी रिकामटेकड्यांच्या गमतीतून. १८८७ सालचा नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंगचा दिवस. शिकागोतल्या फॅरागट बोट क्लबच्या व्यायामशाळेत काही तरुण हार्वर्ड आणि येल यांच्या फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट पाहत जमले होते. निकालाची तार आली आणि त्या आनंदात एकानं मुष्टियुद्धाचा हातमोजा दुसऱ्याकडे भिरकावला, दुसऱ्यानं तो काठीनं टोलवला, अशी कथा सांगतात. जॉर्ज हॅनकॉक नावाच्या वार्ताहरानं तो हातमोजा दोरीनं बांधून त्याचा चेंडू केला, खडूनं जमिनीवर रेघा मारल्या आणि बेसबॉल चार भिंतींच्या आत आणला. म्हणजे बघा, दोरी आणि खडू हाताशी येताच पहिली गोष्ट झाली ती नियमांची. 'सॉफ्टबॉल' हे नाव मात्र १९२६ साली मिळालं.

पुढे या खेळाच्या दोन वाटा झाल्या. एक वेगवान. ऑलिंपिकमध्ये १९९६ साली महिलांचा सॉफ्टबॉल आला तो हाच, आणि आपल्याकडे शाळा-महाविद्यालयांतल्या मुलामुली खेळतात तोही हाच. दुसरी वाट संथ, म्हणजे स्लो-पिच. ती दिवसभर काम करून आलेल्या, पोट सुटलेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या माणसांची.

नियम असा की चेंडू खालच्या हातानं, कमान करून टाकायचा. आमच्या लीगमध्ये ही कमान जमिनीपासून किमान सहा फूट आणि जास्तीत जास्त बारा फूट. होम, म्हणजे फलंदाजाची जागा, पिचरपासून पन्नास फुटांवर. होमच्या मागे एक चटई. बॅट न लागता चेंडू चटईवर पडला तर स्ट्राइक, बाहेर पडला तर बॉल. एवढ्या एका चटईनं पंचांशी होणारे निम्मे वाद मिटवले. फलंदाजानं टोला मारून पासष्ट-पासष्ट फुटांवरच्या तीन बेसना शिवत होमला परत यायचं, की धाव झाली. पासष्ट फूट म्हणजे आपल्या क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षा फूटभरच कमी. क्षेत्ररक्षक दहा आणि डाव सात. बेस चोरायचा नाही, घसरायचं नाही, लोखंडी खिळ्यांचे बूट घालायचे नाहीत. एका डावात पाच धावा झाल्या की पुरे, दुसऱ्याला बॅट द्यायची. शेवटचा डाव तेवढा मोकळा.

पुस्तिका वाचून मी बायकोला म्हटलं, "हा काय खेळ आहे? सगळी मजा काढून घेतलीय."

एक बाई कमी

माझं मत बदलायला सुरुवात झाली ती दुसऱ्या मोसमात. जूनमध्ये तिथं रात्री नऊपर्यंत उजेड असतो. त्या बुधवारी आमच्या संघात एक बाई कमी पडली. आमच्याकडे पुरुष आणि बायका आळीपाळीनं फलंदाजीला येतात आणि बाईची जागा रिकामी असेल तर तिची पाळी येईल तेव्हा एक आऊट धरतात. बायको डबा घेऊन बाकावर बसली होती. कप्तानानं तिला गळ घातली, कुणीतरी बूट दिले, आणि सलवार-कमीजमध्येच ती उभी राहिली. जन्मात तिनं कधी बॅट धरली नव्हती.

समोरचा पिचर हुशार. तिच्या आधी आमचा सगळ्यात दांडगा फलंदाज. पिचरनं त्याला मुद्दाम चार चेंडू चटईबाहेर टाकले. चार बॉल झाले की फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो. म्हणजे दांडग्याला खेळूच द्यायचं नाही आणि पुढची नवखी बाई सहज बाद करायची, असा डाव. पण पुस्तिकेत त्याच्यावर उतारा होता. पुरुषाला असं चालत पाठवलं तर त्याला एक नाही, दोन बेस मिळतात. दुसरा उतारा म्हणजे बाई फलंदाजीला असताना, टोला बसेपर्यंत बाहेरच्या चार क्षेत्ररक्षकांनी एका रेषेच्या मागेच राहायचं. ती रेषा नसती तर सगळे तिच्या नाकासमोर येऊन उभे राहिले असते.

तिनं तिसऱ्या चेंडूवर बॅट फिरवली. टोला कसला, चेंडू नुसता उडाला आणि आतल्या-बाहेरच्या क्षेत्ररक्षकांच्या मधल्या मोकळ्या गवतात टपकन पडला. दांडगा धावत होमला आला. मग पुढच्या दोघांच्या टोल्यांवर बेसमागून बेस करत ओढणी सावरत तीही आली. बाकावरच्या वहीत आमच्या धावलेखकानं तिच्या नावापुढे एक रेघ ओढली. समोरच्यांच्या वहीतही तशीच रेघ ओढली गेली. कुणी हसलं नाही. मला एकाएकी आमच्या वाड्यातला आड दिसला.

कच्चा लिंबू आपण खेळायला घेतो ते त्याचं मन राखायला. इथं नियमांनी खेळच थोडा वाकवला होता, म्हणजे कच्च्या लिंबाची धाव खरी धरता येईल.

मी केलेली चूक

इथवर वाचून कुणाला वाटेल, गृहस्थ शहाणे झाले. तसं झालं नाही. माझ्याकडे घरी कॉम्प्युटर होता, एवढ्या गुणावर १९९७ साली मला लीगच्या समितीत घेतलं. वसंतातल्या बैठकीत एक प्रस्ताव आला. पहिल्या बेसवर जोड बेस घ्यायचा. अर्धा पांढरा, अर्धा नारिंगी. क्षेत्ररक्षकानं पांढऱ्यावर पाय ठेवायचा, धावणाऱ्यानं नारिंगीवर. पहिल्या बेसवर माणूस भरधाव येतो आणि त्याच क्षणी दुसऱ्याचा पाय तिथं असतो, म्हणून. मी उठून बोललो. आजवर काही झालं नाही, त्या पैशांत कितीतरी चेंडू येतील, आणि असल्या दुरंगी उशा लावल्या तर याला खेळ कोण म्हणेल? लोक हसले, आणि प्रस्ताव बारगळला.

जुलैत आमच्याच संघातला पहिल्या बेसवरचा माणूस चेंडू झेलायला वाकला आणि धावणारा त्याच्या घोट्यावर आला. कुणाचीच चूक नव्हती. हाड मोडल्याचा आवाज मी तिसऱ्या बेसवरून ऐकला. तो आमच्या माल पाठवण्याच्या विभागात तासाच्या रोजावर काम करायचा, दिवसभर उभं राहून. त्याचा उन्हाळा गेला, पगारही गेला. मी त्याला भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "खेळात होतंच." बैठकीत मी काय बोललो होतो ते त्याला ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही. पुढच्या मोसमाआधी जोड बेस आला, तो नियम मीच टाइप केला. पण त्याला सांगायचं राहिलं ते राहिलंच. काही वर्षांनी तो निवृत्त होऊन दुसऱ्या गावी गेला.

तेव्हापासून पुस्तिकेतला एकेक नियम मला वेगळा दिसायला लागला. होमच्या अलीकडे काही फुटांवर रेघ आहे, ती ओलांडली की मागे फिरायचं नाही, आणि क्षेत्ररक्षकानं धावणाऱ्याला शिवायचं नाही, नुसता होमला पाय लावायचा. म्हणजे कधीतरी, कुठंतरी, होमवर दोन माणसं एकमेकांवर आदळली असणार. ठराविक शिक्का असलेल्याच बॅटी चालतात, कारण नव्या बॅटींवरून चेंडू गोळीसारखा सुटतो आणि पिचर पन्नास फुटांवर उघडा उभा असतो. ढग गडगडले की खेळ थांबवायचा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास मैदानात पाय ठेवायचा नाही. प्रत्येक ओळीमागे कुणाचा तरी घोटा, कुणाचे तरी दात, कुणाचं तरी रडू आहे.

लीग चालवायची म्हणजे

आता आपल्याकडेही सोसायट्यांमधून, ऑफिसांमधून टेनिस बॉलच्या आणि बॉक्स क्रिकेटच्या लीगा होतात. सुट्टीवर आलो की भाचे-पुतणे हौसेनं सांगतात आणि भांडणंही सांगतात. त्यांना मी जे सांगतो ते इथंही सांगतो.

नियम मोसमाआधी लिहून प्रत्येकाच्या हाती द्यावेत, आणि मोसमाच्या मध्यात बदलू नयेत, कितीही पटलं तरी. खेळाडूंची यादी पहिल्या दोन-तीन सामन्यांनंतर बंद करावी, नाहीतर अंतिम सामन्याला कुणाचा तरी राज्य पातळीवरचा मेव्हणा हटकून उगवतो. पंच बाहेरचा असावा आणि त्याला पैसे द्यावेत. आम्ही तीन वर्षं आपापसांत पंचगिरी केली, आणि त्यात मोडलेल्या दोन मैत्री पुन्हा जुळल्या नाहीत. पंचाशी फक्त कप्तानानं बोलावं. तक्रार करायची तर दुसऱ्या दिवशी, लेखी. रात्रीच्या झोपेत निम्म्या तक्रारी विरघळतात, हा माझा अनुभव. खेळाडू कमी असतील तर किती मिनिटं थांबायचं आणि किती जणांत खेळायचं, हे आधी ठरवावं. आणि समितीत कुणी खर्चाचा मुद्दा काढून सुरक्षेचा नियम हसण्यावारी नेला, तर त्याला माझी गोष्ट सांगावी.

या लीगांना तिकडे थट्टेनं बीअर लीग म्हणतात. मैदानावर मात्र बीअरला आमच्यात बंदी, तो परवान्यातलाच नियम. ढाल कुणी जिंकली हे ऑक्टोबरपर्यंत कुणाला आठवत नाही. पण गुरुवारी सकाळी सगळे धडपणे कामावर आले का आणि पुढच्या बुधवारी पुन्हा मैदानावर आले का, यावर लीग टिकते.

आता माझं वय साठीच्या पुढे गेलं. गुडघ्यांनी राजीनामा दिलाय. पण पुस्तिकेत एक नियम आहे, ज्याला धावता येत नाही त्यानं टोला मारून पहिला बेस गाठावा, पुढे त्याच्याऐवजी दुसऱ्यानं धावावं. कधीकाळी मी यालाही नाकं मुरडली होती. गेल्या मोसमात माझ्यासाठी एक पोरगी धावायची, माझ्या निम्म्याहून कमी वयाची. ती होमला पोचली की वहीत रेघ पडायची आणि मी बाकावरून टाळ्या वाजवायचो.

गेल्या हिवाळ्यात सांगलीला गेलो होतो. वाडा जाऊन तिथं इमारत झालीय. बहिणीला हे सगळं सांगितलं. बायकोची धाव सांगितली आणि अडखळत तिचीही आठवण काढली. म्हटलं, तुझी ती एक धाव आम्ही धरायला हवी होती. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "एक नाही, दोन. आडाला दोनदा वळसा घातला होता मी."