मास्क नाकावर, गुबारा पोटात!

झोपेत मास्कवाटे दाबाने हवा देणारं सीपॅपचं मशीन घरी आलं. घोरणं थांबलं, शेजारी झोपणाऱ्यालाही कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली. आणि सकाळी उठून पाहावं तर पोट टम्म! ढेकरांवर ढेकर, डाव्या बरगडीखाली कळ, पायजम्याची नाडी सैल करावी लागतेय. ‘काल रात्री बाहेर काही खाल्लं होतं का?’ हा प्रश्न घरात हमखास येतो. खाल्लेली असते ती हवा. डॉक्टर याला एरोफेजिया म्हणतात. स्लीप ॲप्नियाचे, म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास थांबण्याच्या आजाराचे, उपचार नव्याने सुरू केलेल्या पुष्कळांना हा त्रास होतो आणि त्यापायी चांगलं चाललेलं मशीन माळ्यावर जातं, याचं मला फार वाईट वाटतं. कारण ही हवा येते कुठून, अडकते कुठे आणि निघते कशी, हे सगळं नीट सांगता येतं.

एक ग्लास, एक स्ट्रॉ

उंच ग्लासात पाणी भरा, स्ट्रॉ १० सेंटिमीटर बुडवा आणि फुंका. पहिला बुडबुडा सुटताना गालांना जो जोर लागतो, तोच १० सेंटिमीटर पाण्याचा दाब. सीपॅपचे आकडे याच मापात असतात. घरगुती मशीन साधारण ४ ते २० या टप्प्यात चालतं. आता वातावरणाचा दाब याच मापात मोजला तर येतो १०३३ च्या आसपास! म्हणजे १० वर लावलेलं मशीन वातावरणाच्या जेमतेम एक टक्का जास्त जोर लावतं आणि तेवढ्यावर मिटू पाहणारा घसा रात्रभर उघडा राहतो.

सिडनीतली ती रात्र

जून १९८०. सिडनीच्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड रुग्णालयात डॉ. कॉलिन सलिव्हन यांच्यासमोर एक बांधकाम मजूर होता. ॲप्निया जबरदस्त. तेव्हाचा खात्रीचा उपाय एकच, गळ्याला भोक पाडून श्वासाची वाट करून देणं. ते करून घ्यायला या माणसाची तयारी नव्हती. मग सलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरचा पंखा, नळी आणि नाकावर बसणारा मास्क अशी जुळवाजुळव केली. दाब वाढवला की श्वास मोकळा, कमी केला की पुन्हा बंद! रात्रभर हे पाहून झालं आणि सकाळी तो रुग्ण ताजातवाना उठला. १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांचा अनुभव छापून आला. त्यांना पुरलेला दाब होता ४.५ ते १० सेंटिमीटर. सुरुवातीच्या काळात मास्क रोज रात्री चिकटवून बसवावा लागे. आजच्या पट्ट्या टोचतात खऱ्या, पण गोंदापेक्षा कितीतरी बऱ्या.

हवेपुढच्या दोन वाटा

घशाच्या तळाशी पुढे श्वासनलिका, मागे अन्ननलिका. अन्ननलिकेच्या तोंडाशी स्नायूंचं एक कडं असतं. एरवी ते आवळलेलं, घोट गिळताना क्षणभर उघडणारं. झोपेत त्याची पकड सैल होते. त्यात भर गिळण्याची. जागेपणी आपण दिवसाकाठी शेकडो वेळा गिळतो, गाढ झोपेत क्वचितच. झोप चाळवली की मात्र घोट गिळला जातो. मास्कमधून हवा निसटतेय, नाक चोंदलंय, तोंड कोरडं पडलंय, अशा वेळी झोप पुन्हा पुन्हा चाळवते आणि दर घोटासरशी दाबाखालची थोडी हवा खाली उतरते.

ज्यांना आधीपासून ॲसिडिटीचा, घशाशी आंबट येण्याचा त्रास आहे, त्यांच्यात ही तक्रार जास्त दिसते. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण अशा वेळी पोटाचा इलाज केला तर मशीनचाही जाच कमी होऊ शकतो.

ढेकर रात्री का येत नाही?

उभं असताना जठरातली हवा वर तरंगते, अगदी अन्ननलिकेच्या खालच्या दाराशी. जठराचा वरचा भाग ताणला गेला की दार उघडतं आणि ढेकर येतो. उताणं झोपलं की हेच दार अन्नरसाखाली बुडतं आणि हवा पुढच्या बाजूला अडकते. शिवाय झोपेत ते दार उघडण्याची क्रियाही मंदावते. म्हणून रात्रभर साठा, आणि सकाळी पलंगावरून उठून चार पावलं टाकली की ढेकरांची रांग. दूध पाजून झालं की आजी बाळाला खांद्यावर उभं धरून पाठीवर थोपटते, ती हीच वाट मोकळी करत असते.

अंतराळवीरांची तर याहून पंचाईत! तिथे वजनरहित अवस्थेत हवा आणि अन्न वेगळं होतच नाही, त्यामुळे ढेकराबरोबर पोटातला ऐवजही वर येतो.

ओवा खाऊन बघू?

खा, तोंडाला बरं वाटेल. पण गिळलेली हवा म्हणजे तुमच्या बेडरूममधलीच हवा, तिच्यात सुमारे ७८ टक्के नायट्रोजन. आतडी तो फारसा शोषत नाहीत. वरून निघाला नाही की तो खालून निघतो, आणि त्याला वासही नसतो. पोटात अन्न आंबून होणारा गॅस वेगळा, त्याचे उपायही वेगळे.

पोट वाजवून पाहणारा डॉक्टर

लिओपोल्ड आउएनब्रुगर या ऑस्ट्रियन डॉक्टरांनी छातीवर बोटांनी ठोकून आजार ओळखण्याची पद्धत १७६१ मध्ये छापून प्रसिद्ध केली. त्यांचे वडील खाणावळ चालवत. पिंपावर ठोकून आत किती माल उरलाय हे कळतं, ही युक्ती त्यांनी तिथूनच उचलली असं सांगतात. आजही डॉक्टर डाव्या बरगड्यांच्या खालच्या भागावर ठोकतात. तिथे जठरातल्या हवेमुळे पोकळ आवाज येतो. उभ्याने काढलेल्या छातीच्या एक्स-रेतही तो काळा बुडबुडा दिसतो. म्हणजे थोडी हवा सगळ्यांच्याच पोटात असते.



  

मग करायचं काय?

आधी काय करू नये ते. स्वतःच्या मनाने दाब कमी करू नका. पोट हलकं होईल, पण घसा पुन्हा मिटू लागेल. डॉक्टरांशी बोललात तर मार्ग बरेच आहेत. झोप लागेपर्यंत दाब हळूहळू चढवणारी रॅम्पची सोय. उच्छ्वासाच्या वेळी दाब किंचित उतरवणारी सेटिंग. गरजेनुसार दाब कमी-जास्त करणारं ऑटो मशीन. हवा गिळणाऱ्या रुग्णांवर ऑस्ट्रेलियात झालेल्या एका चाचणीत, कायम एकाच दाबापेक्षा ऑटोवर पोटफुगी आणि गॅसचा त्रास कमी आढळला. इतकं करूनही भागलं नाही तर श्वास घेताना आणि सोडताना दोन वेगळे दाब देणारं बायपॅप.

घरच्या घरी करण्यासारखं म्हणजे पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवणं. नुसत्या उशांचा ढीग नको, मान पुढे दुमडते आणि घसा आणखी चिंचोळा होतो. डाव्या कुशीवर झोपून पाहा. त्या कुशीवर अन्ननलिकेचं दार अन्नरसाच्या वर राहतं, आणि कुशीवर झोपल्याने बऱ्याच जणांना दाबही कमी लागतो. रात्री सोडा, कोल्ड्रिंक टाळा. नाक चोंदलेलं असेल तर त्याचा इलाज करा, मशीनची हवा दमट करणारा ह्युमिडिफायर लावा. मास्कच्या पट्ट्या करकचून आवळू नका, त्याने गळती उलट वाढते. पोटात असह्य कळा, उलट्या, पोट दगडासारखं कडक होणं यांपैकी काही झालं तर मात्र थांबू नका, ताबडतोब डॉक्टरांना गाठा.

डॉक्टरांकडे जाताना मशीनचं कार्ड किंवा ॲपमधला अहवाल सोबत न्या. त्यात बहुतेक मशीन दर रात्रीचा दाब, गळती आणि थांबलेले श्वास नोंदवतात. शेजारी तुमच्या हातची वही ठेवा: कोणत्या सकाळी पोट फुगलं, कोणत्या सकाळी नाही. फुगलेल्या सकाळी चढलेल्या दाबाशी जुळल्या तर डॉक्टर ऑटोची वरची मर्यादा बदलून पाहू शकतात. गळतीशी जुळल्या तर आधी मास्क तपासायचा.