आलेख एक, अर्थ दोन : जैवउपलब्धतेच्या दाव्यांची परीक्षा

हरिद्रेतील कुर्कुमिनसोबत मरिचातील पाइपरिन दिल्यास मानवात कुर्कुमिनची जैवउपलब्धता सुमारे २००० टक्क्यांनी वाढते, हा बंगळूर येथील संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेला निष्कर्ष सर्वपरिचित आहे. ‘शोषण वीस पट झाले’ असाच त्याचा अर्थ बहुधा घेतला जातो. परंतु रक्तपातळीच्या आलेखातून तो अर्थ निघतो काय, हे पाहणे वैद्य व औषधविक्रेते या दोघांनाही अगत्याचे आहे.

मुखावाटे दिलेल्या औषधाच्या साध्या गणिती प्रतिमानात चार राशी अज्ञात असतात : शोषणाचा वेग, मात्रेपैकी रक्तात पोहोचणारा अंश, औषध ज्यात पसरते ते आकारमान, आणि निष्कासन, म्हणजे दर तासाला औषधमुक्त होणारे आकारमान. मोजता येते ती मात्र केवळ रक्तपातळी.

समजा, दोन व्यक्तींना समान मात्रा दिली आणि शोषणाचा वेगही समान आहे. पहिल्या व्यक्तीत अंश ०.५, आकारमान ४० लिटर व निष्कासन ताशी १० लिटर; दुसऱ्या व्यक्तीत अनुक्रमे ०.२५, २० व ५. दोघांचे आलेख तंतोतंत एकच येतात. कारण सूत्रात या राशींची केवळ गुणोत्तरे येतात, त्या स्वतंत्रपणे येत नाहीत. दर दहा मिनिटांनी रक्त तपासले तरी हा संदेह फिटत नाही. दोष मोजमापात नसून प्रयोगाच्या रचनेत आहे. राशींचे मूल्य एकमेव ठरते की नाही, हे प्रयोगापूर्वी कागदावरच तपासता येते. या प्रश्नाची रीतसर मांडणी बेलमन व ऑस्ट्रॉम यांनी १९७० साली केली. तिला संरचनात्मक अभिज्ञेयता म्हणता येईल.

एकच लिंग अनेक व्याधींचे असू शकते, हे चरकाचार्यांनी निदानस्थानात सांगितलेच आहे. गूढलिंग व्याधीत आपण उपशय-अनुपशयाने निर्णय करतो. येथेही उपाय तोच : प्रयोग बदलणे. तेच द्रव्य शिरेवाटे दिल्यास अंश पूर्ण, म्हणजे १, असतो. मग निष्कासन स्वतंत्रपणे कळते.

हा भेद व्यवहारात महत्त्वाचा आहे. केवळ शोषण वाढले असेल तर मात्रेचा विचार पुरतो. निष्कासन मंदावले असेल, तर रुग्ण घेत असलेली इतर औषधेही रक्तात साचू शकतात. पाइपरिन औषधांचे चयापचयन करणाऱ्या काही विकरांना रोधते, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. फेनिटॉइन, प्रोप्रॅनोलॉल व थिओफायलिन यांची रक्तपातळी त्यामुळे वाढल्याचे मानवी अभ्यासांतही नोंदले आहे.

म्हणून पाइपरिनयुक्त कल्प देण्यापूर्वी रुग्णाची चालू औषधे अवश्य विचारावीत. अपस्माराचा रुग्ण फेनिटॉइन घेत असल्यास विशेष दक्षता बाळगावी. विक्रेत्यांनीही ‘वीस पट शोषण’ असे न सांगता ‘रक्तपातळीत वाढ’ एवढेच सांगावे. आलेख तेवढेच सिद्ध करतो.