वीज कोणाची, जोखीम कोणाची?



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे युनियनच्या कचेरीत, ताळेबंद वाचता वाचता झाले. तेव्हा अर्थशास्त्र सांगण्याचा आव मी आणीत नाही. एक साधा प्रश्न तेवढा मांडतो : वीज, पाणी, बस यांसारख्या लोकोपयोगी सेवांची मालकी कोणाकडे असावी?

कापडवाल्याने भाव चढवला तर आपण शेजारच्या दुकानात जातो. विजेचे तसे नाही. एकाच गल्लीत पाच जणांनी खांब रोवणे हा निव्वळ अपव्यय. म्हणून या धंद्यांत मक्तेदारी बहुधा आपोआपच येते. खाजगी मालकीचा मोठा गुण म्हणजे चढाओढ. ती जेथे नाही, तेथे त्या गुणाचा दाखला कसा द्यावा?

मुंबईचे उदाहरण घ्या. १९०५ साली तेथे बी.ई.एस.टी. ही खाजगी कंपनी निघाली. विजेची ट्राम १९०७ मध्ये आणि बस १९२६ मध्ये तिनेच आणली. ते श्रेय नाकारू नये. ७ ऑगस्ट १९४७ रोजी महापालिकेने ती ताब्यात घेतली. पुढे अनेक वर्षे विजेच्या उत्पन्नातून बसची तूट भरून निघे, आणि पहाटे पाळीवर जाणाऱ्या माणसाला स्वस्तात बस मिळे. बसमध्ये कधी न बसणाऱ्या वीजग्राहकाने हा भार का सोसावा, असा सवाल निघाला. तो खोटा नव्हता. पण निवडून दिलेल्या नगरसेवकांना तो उघडपणे विचारता येत होता.

आता दाभोळ पाहा. डिसेंबर १९९३ मध्ये राज्याच्या वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी, निविदा न मागवता, वीजखरेदीचा करार केला. वीज घेतली न घेतली तरी ठरीव आकार द्यायचा, तोही बराचसा डॉलरशी बांधलेला. वर राज्याची हमी आणि केंद्राची प्रतिहमी. १९९५ मध्ये करार मोडला, १९९६ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा झाला. मे १९९९ मध्ये वीज आली. मंडळाला बिले झेपेनात, आणि मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. जोखीम घेतो म्हणून मालकाला नफा, असे आपण मानतो. येथे जोखमीचा मोठा वाटा गिऱ्हाइकाच्या खांद्यावर टाकलेला होता.

पण एक गोष्ट विसरू नका : त्या करारावर सही सार्वजनिक मंडळाचीच होती! पाटी सरकारी असली म्हणजे कारभार लोकांचा होतो असे नाही.

यात आम्हीही निर्दोष नाही. एका पावसाळ्यात आमच्या भागातल्या एका वस्तीत तीन दिवस अंधार होता, आणि आम्ही भत्त्यासाठी मोर्चा काढण्यात गुंतलो होतो. एका म्हातारीने मला वाटेत अडवले. "खांब सरकारचा म्हणतोस, मग अंधार कुणाचा रे बाबा?" मला उत्तर सुचले नाही. मोर्चा रास्त होता. पण तिच्या दिव्याची मागणी आमच्या पत्रकात नव्हती, ती असायला हवी होती.

माझे मत सार्वजनिक मालकीच्या बाजूचे आहे, मात्र तीन अटींवर : हिशेब उघडा असावा, जोखीम कोणाची हे आधी ठरावे, आणि तक्रार ऐकणारा माणूस जागेवर असावा. २००३ च्या वीज कायद्यानुसार दर ठरण्यापूर्वी नागरिकांच्या हरकती मागवल्या जातात. आयोगाच्या सुनावणीत मोठ्या कारखानदारांचे वकील असतात. आपल्या बाजूच्या खुर्च्या रिकाम्या राहतात. पुढच्या सुनावणीला आपले वीजबिल घेऊन या. आकडे समजून घ्यायला मी बरोबर येईन.