बोटीची सफर करताय? आधी केबिनचा नकाशा मागा

जासईकरांना बोट नवी नाही. 1989 साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले तेव्हापासून कंटेनरची जहाजे आमच्या रोजच्या पाहण्यातली. पण पैसे मोजून, पाहुणा म्हणून बोटीत चढायचे ही कल्पना आमच्या घरात प्रथम आईने काढली. लहानपणी ती भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीने आजोळी जायची. डेकवर चटई टाकून, रात्रभर ओकत. "एकदा खोलीत झोपून जाऊ दे रे," एवढेच ती म्हणाली.

विहारातील एकदोघांनी नाक मुरडले. कार्यकर्त्याने असा पैसा उधळावा का? मुंबई-गोवा सफरीसाठी आम्ही वर्षभर भिशी भरली होती, कर्ज काढले नव्हते. डॉ. बाबासाहेब 4 ऑक्टोबर 1930 रोजी 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' बोटीने गोलमेज परिषदेला निघाले, पुढच्या वर्षी 15 ऑगस्टला 'मुलतान' बोटीने. ते सहलीला गेले नव्हते, हे मान्य. पण समुद्र ओलांडणे पाप मानणाऱ्यांच्या देशात आमच्या माणसांनी बोटीत खिडकीशी बसण्याचा संकोच का करावा?

असो. खरी गंमत केबिन निवडताना आली. एजंटाने सर्वांत स्वस्त केबिन पुढे केली. तिला खिडकी नाही आणि नंबरही नंतर मिळणार. "रात्री झोपायलाच तर जायचंय, सगळ्या सारख्याच," असे त्याचे म्हणणे. तरुण जोडप्याला ते चालेल. आईला बंद खोलीत जीव घाबरा होतो. आम्ही जहाजाचा मजलावार नकाशा मागितला. त्याने जरा तोंड वाकडे केले, पण दिला.

बोट लागण्याची भीती असेल त्यांनी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची केबिन घ्यावी. लाटेवर जहाजाची टोके वर-खाली होतात, मधला भाग त्या मानाने कमी हलतो. सज्जाची केबिन दिसायला झकास, पण ती बहुधा वरच्या मजल्यांवर असते, तिथे झोके जास्त आणि दरही जास्त. डोक्यावर नाचगाण्याचा हॉल किंवा भटारखाना असेल तर झोपेचे खोबरे. खिडकीपुढे जीवरक्षक होडी टांगलेली नाही ना, तेही विचारावे. गुडघे दुखणाऱ्यांनी लिफ्टपासूनचे अंतर पाहावे. तिसऱ्या-चौथ्या माणसाचा बिछाना वर असतो, तो म्हाताऱ्या माणसाच्या वाट्याला येऊ नये. जाहिरातीतल्या दरात बंदर आकार, कर, बक्षिसी धरले आहेत का, हे लेखी घ्यावे. आमचा हिशेब तिथेच बराच वाढला. पावसाळा तर टाळावाच.

आणखी एक. मुंबईहून गोव्याकडे जाताना किनारा डाव्या हाताला असतो. म्हणून आम्ही डावीकडची खिडकी घेतली.

जासईजवळून अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये सुरू झाल्यापासून शिवडी जवळ आली आहे. तिथून बॅलार्ड पियर फार लांब नाही. सामान तपासणीत वेळ जातो, म्हणून औषधे हातातल्या पिशवीत ठेवली.

संध्याकाळी बोट सुटली. आई खिडकीशी बसून होती. अंधारात न्हावा-शेव्याच्या क्रेनचे दिवे दिसू लागले तशी म्हणाली, "त्याच्या मागं आपलं घर." मग तिने डबा उघडला आणि आम्हा सगळ्यांना तांदळाच्या भाकरीचा एकेक तुकडा दिला.